पिशवीवर पाच, आत चार: रिॲक्ट ॲपमधला पुन्हा पुन्हा चुकणारा आकडा

"अरे, ते वरचं पाच परत आलं बघ."

दसरा ते दिवाळी एवढ्या काळात हा फोन मला चार वेळा आला. फोन करणाऱ्या काकू डोंबिवलीत घरगुती फराळ करून विकतात. चकली, करंजी, कडबोळी, अनारसे. ऑर्डर घ्यायचं छोटं वेब ॲप मी लिहिलेलं, रिॲक्टमध्ये (वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी). वर उजव्या कोपऱ्यात पिशवीचं चित्र आणि त्यावर लाल ठिपक्यात आकडा. गिऱ्हाइकाला आकडा दिसतो पाच, आणि पिशवी उघडली की आत चारच. काकूंची भीती साधी होती: उद्या कोणी म्हणेल, पाचाचे पैसे घेतले आणि चार पाठवले.

दर फोननंतर मी काहीतरी दुरुस्त केलं. जे दुरुस्त केलं ते खरंच दुरुस्त झालं. आणि चार-पाच दिवसांनी आकडा पुन्हा चुकला. चौथ्या फोननंतर मात्र ठिगळ न लावता सगळं उसवून बघायला बसलो. त्याचं हे टिपण. तुमच्या ॲपमध्ये पिशवी नसेल, नोटिफिकेशनची घंटा असेल किंवा न वाचलेल्या मेसेजांचा आकडा असेल. दुखणं हेच असतं.

## रिफ्रेश केल्यावर बरं होतं का?

तक्रार आली की पहिल्यांदा हे विचारा. "हो" म्हणाले तर कायमची साठवलेली माहिती शाबूत आहे आणि ब्राउझरच्या मेमरीतल्या दोन प्रती एकमेकींशी जुळत नाहीयेत. "नाही" म्हणाले तर चूक लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या कायम टिकणाऱ्या साठ्यात) किंवा सर्व्हरवर लिहिली गेली आहे, आणि मग रिॲक्टच्या कोडमध्ये डोकं घालून फारसं काही मिळत नाही.

मी हा प्रश्न पहिल्याच फोनला विचारला होता. उत्तर "हो, मग बरोबर दिसतं" असं आलं. मी म्हटलं, "मग काकू, तूर्तास रिफ्रेश करायला सांगा," आणि संध्याकाळी कोडमध्ये आणखी एक यूजइफेक्ट (काही बदललं की पान रंगवून झाल्यावर चालणारा कोड) ठोकून मोकळा झालो. तो आळस होता, दुसरं काही नाही.

त्या रात्री करायला हवं होतं ते दोन आठवड्यांनी केलं. रिॲक्ट डेव्हटूल्सचा कंपोनंट्स टॅब उघडला, एकेक कंपोनंट (पानाचा सुटा तुकडा) निवडत गेलो आणि उजवीकडे दिसणाऱ्या हुक्समधून (स्टेट, इफेक्ट अशा सोयी देणारी रिॲक्टची फंक्शन्स) पिशवी कुठे कुठे साठवली आहे ते कागदावर लिहीत गेलो. हेडरमध्ये "मोजणी" नावाची एक यूजस्टेट (कंपोनंटने लक्षात ठेवलेली किंमत, म्हणजे स्टेट). पिशवीच्या पानात वस्तूंचा ॲरे (यादी), तोही यूजस्टेटमध्ये. मधल्या काळात मला कॉन्टेक्स्टचा (अनेक कंपोनंटना एकच माहिती पुरवायची रिॲक्टची सोय) शोध लागला होता, त्यामुळे तिथे आणखी एक ॲरे. लोकलस्टोरेजमध्ये चौथी प्रत. लॉगिन केलेल्या गिऱ्हाइकांची पिशवी सर्व्हरकडून येते, ती टॅनस्टॅक क्वेरी या सर्व्हरची माहिती आणणाऱ्या लायब्ररीच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात), म्हणजे पाचवी. एका पिशवीच्या पाच झेरॉक्स, आणि त्या एकमेकींशी जुळत्या ठेवायला सहा यूजइफेक्ट. त्यातले दोन एकमेकांना चालवत होते. सहाही इफेक्ट माझ्याच हातचे, आणि लिहिताना प्रत्येकाला चांगलं कारण होतं.

## मोजलेलं साठवू नका

सगळ्यात आधी हेडरमधली मोजणी उडवली. ती अशी चालायची: वस्तू बदलल्या की यूजइफेक्ट चालतो, बेरीज करतो, सेटमोजणी (मोजणीची स्टेट बदलणारं फंक्शन) म्हणतो. म्हणजे रिॲक्ट एकदा नव्या वस्तू आणि जुना आकडा घेऊन रेंडर करतो (पान रंगवतो), मग इफेक्ट चालतो, मग पुन्हा रेंडर. ही एक फेरी वाया जाते, पण खरी गोम वेगळीच. पिशवी रिकामी करणारा कोड दुसऱ्याच प्रतीला हात घालत होता, आणि मोजणी पहिल्या प्रतीवर डोळा ठेवून बसली होती.

आता हेडर रेंडर होतानाच बेरीज करतो. स्टेट नाही, इफेक्ट नाही. दहा-वीस वस्तूंच्या बेरजेला यूजमेमोसुद्धा (काढलेलं उत्तर जपून ठेवणारा हुक) लागत नाही. एकूण रक्कम, "आणखी अमुक रुपयांची खरेदी केली की घरपोच मोफत" ही ओळ, पिशवी रिकामी आहे की नाही, हे सगळं याच गटातलं. वस्तूंवरून काढता येतं ते काढायचं. प्रॉप (वरच्या कंपोनंटकडून आलेली माहिती) यूजस्टेटमध्ये सुरुवातीची किंमत म्हणून देणं हाही याच चुकीचा भाऊ. ती किंमत फक्त पहिल्या रेंडरला वापरली जाते; नंतर प्रॉप कितीही बदलो, स्टेट ढिम्म.

इथे एक फजिती सांगायलाच हवी. मोजणी उडवल्यावरही एका गिऱ्हाइकाला वर पाच, आत चार दिसत होतं. अर्धा तास कोड चाळल्यावर कळलं की बग नव्हताच. तिने चकलीची दोन पाकिटं आणि इतर तीन पदार्थांचं एकेक पाकीट घेतलं होतं. हेडर पाकिटं मोजत होता, पाच. पिशवीच्या पानाचं शीर्षक ओळी मोजत होतं, चार. दोन्ही बरोबर. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पाकिटं मोज, मी डब्यात पाकिटंच भरते." मग "एकूण पाकिटं" काढणारं एकच फंक्शन केलं आणि दोन्ही जागी तेच वापरलं. डीबगर उघडण्याआधी आकडा नक्की कशाचा आहे हे विचारावं, असं आता मला वाटतं.

हा आजार रिॲक्टच्या माहेरचाच, म्हणजे फेसबुकचाच आहे. रिॲक्ट मे २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. २०१४ मध्ये फेसबुकच्या लोकांनी फ्लक्स नावाची मांडणी पुढे आणली तेव्हा त्यांनी चॅटच्या आकड्याचं उदाहरण दिलं होतं: न वाचलेला मेसेज एक असं दिसतं, उघडावं तर नवीन काही नाही. दुरुस्त करावं, थोडे दिवस बरं, आणि परत तेच. त्यातून माहिती एकाच दिशेने वाहू द्यायची ही शिस्त आली. २०१५ मध्ये डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी रिडक्स ही स्टेट सांभाळायची लायब्ररी आणली, तीही त्याच वाटेवरची. म्हणजे काकूंचा पाच-चारचा आकडा तसा खानदानी म्हणायचा.

## वरचा आकडा वाढतो, ओळीतला हलत नाही

हे दुसऱ्या फोनचं कारण, आणि यावर थोडं थांबतो, कारण असा कोड मला दर दुसऱ्या प्रकल्पात दिसतो.

ओळीत अधिकच्या खुणेचं बटण आहे. ते दाबलं की मी सेटवस्तू बोलवायचो, आतल्या फंक्शनमध्ये आधीच्या ॲरेतून चकलीची वस्तू शोधायचो, तिचं प्रमाण तिथल्या तिथे एकने वाढवायचो आणि तीन टिंबांनी ॲरेची नवी नक्कल करून परत द्यायचो. नक्कल केली म्हणजे झालं, असं मला वाटत होतं. पण नक्कल झाली ती बाहेरच्या ॲरेची. आतला चकलीचा ऑब्जेक्ट जुनाच, फक्त त्याच्या पोटातला आकडा बदललेला.

रिॲक्ट दोन गोष्टी एकच आहेत का हे ऑब्जेक्ट डॉट इझने ठरवतं. ऑब्जेक्टच्या बाबतीत याचा अर्थ पत्ता तोच आहे का, एवढंच. घरात शिरून भांडी मोजत बसत नाही. बाहेरचा ॲरे नवा, म्हणून पान रेंडर झालं आणि बेरीज पाच आली. पण एकेक ओळ मी मेमोमध्ये (माहिती बदलली नसेल तर रेंडर टाळणाऱ्या वेष्टनात) गुंडाळली होती. मेमोने विचारलं, वस्तू तीच आहे का? पत्ता तोच. मग कशाला रेंडर? ओळीत जुनाच आकडा. वर पाच, आत चार.

दुरुस्ती दोन ओळींची. ॲरेवर मॅप (एकेक वस्तू घेऊन नवा ॲरे बनवणारं फंक्शन) चालवायचा. जी वस्तू बदलायची तिच्या जागी नवा ऑब्जेक्ट द्यायचा आणि बाकीच्या जशाच्या तशा. आत खोल रचना असेल आणि तीन टिंबांची माळ लांबायला लागली, तर इमर (थेट बदलल्यासारखं लिहिलं तरी नवी नक्कल बनवणारी लायब्ररी) वापरा; रिडक्स टूलकिटमध्ये तो आधीपासून बसवलेला असतो. आणि चोर पकडायचा असेल तर विकासाच्या वेळी वस्तू ऑब्जेक्ट डॉट फ्रीझने गोठवून ठेवा. कोणी थेट बदलायला गेलं की मॉड्यूलमधला कोड तिथेच टाइपएरर फेकतो, ओळ क्रमांकासकट.

यातली लाजिरवाणी गोष्ट अशी की रिॲक्टने मला हा बग गणपतीतच दाखवला होता. माझ्या लॅपटॉपवर अधिकचं बटण एकदा दाबलं की वरचा आकडा दोनने वाढायचा. मी शोधलं, कुठेतरी वाचलं की स्ट्रिक्टमोडमुळे (चुका उघड करणारी रिॲक्टची सोय) असं होतं, आणि स्ट्रिक्टमोड काढून टाकला. झालं बरोबर! विकासाच्या वेळी स्ट्रिक्टमोड सेटवस्तूला दिलेली अपडेटर फंक्शन्स मुद्दाम दोनदा चालवतो. फंक्शन शुद्ध असेल तर दोनदा चालूनही उत्तर एकच येतं. माझं फंक्शन जुन्याच ऑब्जेक्टमध्ये एक मिळवत होतं, म्हणून दोनदा मिळवलं गेलं. वैद्याने नाडी बघून सांगितलं आणि मी वैद्यालाच घराबाहेर काढलं. स्ट्रिक्टमोड काढल्याने एखादा बग "जात" असेल, तर तो परत लावा आणि तिथेच शोधा.

## दोन टाकले, एकच पडला

तिसरा फोन. "लोकलमधून ऑर्डर करणाऱ्यांनाच हे होतंय," काकूंचं निरीक्षण. ते अचूक होतं.

"पिशवीत टाका" दाबलं की कोड आधी सर्व्हरला विचारतो, माल शिल्लक आहे का. उत्तर येईपर्यंत अवेटवर थांबतो, मग सेटवस्तूला सांगतो: आहेत त्या वस्तू अधिक ही नवी. घोळ "आहेत त्या" या शब्दांत आहे. हे फंक्शन ज्या रेंडरमध्ये तयार झालं, त्या रेंडरच्या वस्तू त्याला ठाऊक असतात. त्यानंतर काय झालं ते त्याला कळत नाही.

समजा पिशवीत तीन वस्तू आहेत. गिऱ्हाइकाने चकली दाबली आणि उत्तर यायच्या आत करंजी दाबली. दोन्ही फंक्शन्सच्या लेखी पिशवीत तीनच वस्तू. चकलीचं उत्तर आलं: तीन अधिक चकली, चार. मग करंजीचं आलं: तीन अधिक करंजी, पुन्हा चार. चकली गायब. सर्व्हरकडे मात्र दोन्ही नोंदल्या गेल्या, आणि लॉगिन केलेल्यांना हेडरचा आकडा सर्व्हरच्या प्रतीवरून दिसत होता. पाच आणि चार.

सेटवस्तूला तयार ॲरे देण्याऐवजी फंक्शन द्यायचं. रिॲक्ट त्याला त्या क्षणाची खरी स्थिती हातात देतं. पुढची स्थिती मागच्या स्थितीवर अवलंबून असेल आणि मध्ये अवेट असेल, तर फंक्शनवाली पद्धतच. मी आता अवेट नसला तरी तीच वापरतो, विचार करायचा त्रास वाचतो.

हा बग हातात कसा आणायचा? क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये नेटवर्क टॅबवर वेग ३जीइतका कमी करा आणि दोन पदार्थ पटापट दाबा. पहिल्याच प्रयत्नात सापडला. घरच्या वायफायवर तो मला वर्षभर दिसला नसता.

## मग पिशवी ठेवायची कुठे?

प्रती कमी करायच्या ठरवल्यावर मी आधी सगळं एका कॉन्टेक्स्टमध्ये कोंबलं. पिशवी, लॉगिन, भाषा, आणि ऑर्डरच्या फॉर्ममधला पत्ता. आकडा जुळला. पण काकूंच्या जुन्या फोनवर पत्ता लिहिताना अक्षरं एक-दोन क्षण मागून उमटायला लागली. "क" दाबावा आणि वाट बघावी.

कारण असं: कॉन्टेक्स्टची किंमत बदलली की तो कॉन्टेक्स्ट वाचणारा प्रत्येक कंपोनंट रेंडर होतो, त्याला लागणारा तुकडा बदललेला असो वा नसो. मेमोने हे अडत नाही. पत्त्यातलं एक अक्षर बदललं की पदार्थांची सत्तर कार्डं पुन्हा रेंडर होत होती, कारण प्रत्येक कार्ड "पिशवीत टाका"साठी तोच कॉन्टेक्स्ट वाचत होतं. त्यात प्रोव्हायडरला (कॉन्टेक्स्टची किंमत पुरवणारा कंपोनंट) किंमत देताना मी तिथल्या तिथे महिरपी कंस उघडून ऑब्जेक्ट बनवत होतो. म्हणजे दर रेंडरला नवा पत्ता, काही बदललेलं नसलं तरी. किंमत यूजमेमोत घालणं, आणि वाचायची स्थिती व बदलायची फंक्शन्स दोन वेगळ्या कॉन्टेक्स्टमध्ये ठेवणं, यांनी बराच आराम पडतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये १.० झालेला रिॲक्ट कंपायलर मेमो आणि यूजमेमोचं हमालीकाम स्वतः करतो, पण किंमत खरोखर बदलली तर वाचणारे सगळे रेंडर होणारच.

पत्त्याचं तर उत्तर आणखी सोपं होतं. तो फॉर्मखेरीज कोणालाच लागत नव्हता. उचलून फॉर्मच्या यूजस्टेटमध्ये ठेवला. पदार्थांची गाळणी, म्हणजे गोड, तिखट, बिनसाखरेचे, ही यूआरएलमध्ये नेली. त्यामुळे कोणी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली तर समोरच्याला तीच यादी दिसते, आणि मागे जायचं बटणही शहाण्यासारखं वागतं.

कॉन्टेक्स्टचं एक वेगळं लक्षण थोडक्यात. आकडा चुकीचा नसून कायम शून्यच असेल, तर वाचणारा कंपोनंट प्रोव्हायडरच्या बाहेर आहे किंवा मध्ये कोणीतरी दुसरा प्रोव्हायडर लावून ठेवलाय. बाहेर असेल तर रिॲक्ट तक्रार न करता क्रिएटकॉन्टेक्स्टला दिलेली मूळ किंमत देतं. ती मूळ किंमत नल (काहीच नाही) ठेवा आणि तुमच्या हुकमध्ये नल मिळाल्यास एरर फेका. शून्य बघत बसण्यापेक्षा लाल पडदा बरा.

पिशवीसाठी शेवटी झुस्टँड घेतलं, म्हणजे स्टेट कंपोनंटबाहेर एका स्टोअरमध्ये (साठ्यात) ठेवणारी लायब्ररी. भाषा, लॉगिन अशा क्वचित बदलणाऱ्या गोष्टींना कॉन्टेक्स्ट उत्तम चालतो; दर दोन सेकंदांनी बदलणाऱ्या पिशवीला कंपोनंटागणिक हवा तेवढाच तुकडा निवडता येणं मोलाचं. दहा जणांचा चमू असता, कोणी काय बदललं याची नोंद लागली असती, तर रिडक्स टूलकिट घेतलं असतं. मी एकटा आहे. (झुस्टँड हा जर्मन शब्द, जोताई या दुसऱ्या लायब्ररीचं नाव जपानी, दोन्हींचा अर्थ स्थिती. आपल्याकडे कोणी "अवस्था" नावाची लायब्ररी काढली तर नाव अगदी खरं ठरेल.)

झुस्टँडमध्ये एक ठेच हमखास लागते. निवडणाऱ्या फंक्शनमधून दर वेळी नवा ॲरे किंवा ऑब्जेक्ट परत दिला, उदाहरणार्थ फिल्टर लावून फक्त गोड पदार्थ, तर पत्ता दर वेळी नवा. पाचव्या आवृत्तीत यावर ॲप गोल गोल फिरत राहतं आणि कन्सोलवर "मॅक्झिमम अपडेट डेप्थ एक्सीडेड" येतं. यूजशॅलोमध्ये (पत्त्याऐवजी आतल्या गोष्टी ताडून बघणारा झुस्टँडचा हुक) गुंडाळा, किंवा कच्चा ॲरे निवडा आणि फिल्टर कंपोनंटमध्ये लावा. मी दुसरं करतो.

## आकडा नाचतो: चार, पाच, चार, पाच

चौथा फोन. गिऱ्हाइकाने पदार्थ टाकला की आकडा पाच व्हायचा, क्षणभर चार, मग पुन्हा पाच. कधी चारवरच अडकायचा.

लॉगिन केलेल्यांची पिशवी सर्व्हरवर असते. बटण दाबल्यावर उत्तराची वाट न बघता आकडा वाढवून दाखवायचा, म्हणून मी कॅशमध्येच नवी वस्तू आधी टाकत होतो. पण त्याच वेळी एक जुनी विनंती वाटेत होती. टॅनस्टॅक क्वेरीमध्ये स्टेलटाइम (आलेली माहिती ताजी मानायची मुदत) मुळात शून्य असतो आणि माणूस टॅबवर परतला की माहिती पुन्हा मागवली जाते. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर घरी विचारून आलं, "कडबोळी घेऊ का?", परत येताच विनंती सुटली, आणि तिचं उत्तर यायच्या आत त्याने कडबोळी दाबली. वस्तू टाकली जाण्याआधीचं उत्तर नंतर पोहोचलं आणि कॅशवर बसलं.

उपाय क्रमाने करायचा. बदल दाखवण्याआधी त्या क्वेरीची वाटेतली विनंती कॅन्सलक्वेरीजने रद्द करायची, जुनी पिशवी बाजूला जपून ठेवायची, मग नवी दाखवायची. सर्व्हरने नकार दिला तर जपलेली परत आणायची. शेवटी, यश असो वा अपयश, कॅश इनव्हॅलिडेट करून (शिळी ठरवून) खरी पिशवी मागवायची. माझ्या कोडमध्ये पहिली पायरी नव्हती, बाकी सगळ्या होत्या.

पण त्याहून मोठी चूक अशी की क्वेरीतून आलेली पिशवी मी यूजइफेक्टने उचलून स्टोअरमध्ये ओतत होतो. त्यामुळे गिऱ्हाईक प्रमाण बदलत असतानाच पार्श्वभूमीला आलेलं उत्तर त्याच्या बदलावर पाणी फिरवायचं. आता वाटणी पक्की आहे. लॉगिन असेल तर पिशवीचं घर सर्व्हर, आणि ब्राउझरमध्ये फक्त क्वेरीची कॅश. लॉगिन नसेल तर झुस्टँड. लॉगिन करताना स्टोअरमधली पिशवी एकदाच सर्व्हरकडे जाते आणि स्टोअर रिकामं होतं. "यूजपिशवी" नावाचा एकच हुक हे सगळं पोटात ठेवतो. हेडरला आणि पानाला माहितीच नाही की पिशवी कुठून येते. सहा यूजइफेक्टपैकी आज एकही शिल्लक नाही.

क्वेरीच्या नावात गिऱ्हाइकाचा क्रमांक घालायला विसरू नका. घरात एकच फोन, आईने लॉगआउट केलं, मुलाने लॉगिन केलं. कोणी वाचत नसलेली माहितीही मुळात पाच मिनिटं कॅशमध्ये राहते, आणि मुलाला आईची पिशवी दिसते. लॉगआउटवर कॅश पूर्ण साफ करतो ते वेगळंच.

आणि ॲप सर्व्हरवर रेंडर होत असेल तर स्टोअर मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर बनवू नका. सर्व्हरवर ते मॉड्यूल सगळ्या विनंत्यांमध्ये एकच असतं. एकाची पिशवी दुसऱ्याच्या पानात जाऊ शकते. दर विनंतीला नवं स्टोअर बनवा. माझं ॲप फक्त ब्राउझरमध्ये चालतं, म्हणून मी यातून सुटलो.

## दोन टॅब आणि जुनी पिशवी

लॉगिन न करणाऱ्यांची पिशवी झुस्टँडच्या पर्सिस्टने (स्टोअर साठवून ठेवायची सोय) लोकलस्टोरेजमध्ये राहते. लोक काकूंची व्हॉट्सॲपवरची लिंक दर वेळी नव्याने दाबतात, त्यामुळे तीन-तीन टॅब उघडे. एका टॅबमध्ये टाकलेलं दुसऱ्यात आपोआप येत नाही. लोकलस्टोरेज बदललं की ब्राउझर स्टोरेज नावाचा इव्हेंट देतो, पण ज्या टॅबने बदल केला त्याला सोडून बाकीच्यांना. तो ऐकून पर्सिस्टचं रीहायड्रेट (साठवलेलं पुन्हा स्टोअरमध्ये भरणारं फंक्शन) बोलवायचं, एवढंच काम. पिशवीची रचना बदलली की पर्सिस्टचा आवृत्ती क्रमांक वाढवा आणि जुन्याचं नवं करणारं मायग्रेट फंक्शन लिहा, नाहीतर गेल्या वर्षीची पिशवी घेऊन आलेलं गिऱ्हाईक कोरं पान बघतं.

वसुबारसेला काकूंचा पाचवा फोन आला. या वेळी आकड्याची तक्रार नव्हती. ठाण्याच्या एका बाईंनी अनारशांची तीच ऑर्डर दोनदा दिली होती, आणि त्यांचं म्हणणं, मी एकदाच दिली.

दोघींचंही खरं होतं. पैसे भरायला ॲप दुसऱ्या साइटवर नेतं. पैसे भरले, "धन्यवाद"चं पान आलं, त्या पानाने लोकलस्टोरेजमधली पिशवी काढून टाकली. बाईंनी मागे जायचं बटण दोन-तीनदा दाबलं आणि आमचं जुनं पान समोर आलं. ते पान नव्याने लोड झालंच नव्हतं. ब्राउझरने ते जावास्क्रिप्टच्या मेमरीसकट गोठवून ठेवलेलं असतं आणि मागे आल्यावर जसंच्या तसं जिवंत करतो. स्टोअरमध्ये अनारसे तसेच. त्यांना वाटलं पैसे गेलेच नाहीत, त्यांनी पुन्हा भरले.

असं पान परत येतं तेव्हा पेजशो इव्हेंट येतो आणि त्यावर पर्सिस्टेड खरं असतं. तिथेही रीहायड्रेट बोलवलं, आणि तरीही अनारसे हलेनात. कारण मी लोकलस्टोरेजमधली नोंदच पुसून टाकत होतो. नोंद नसेल तर रीहायड्रेटला जुळवायला काही मिळत नाही आणि मेमरीतली जुनी पिशवी तशीच राहते. आता नोंद पुसत नाही, रिकामा ॲरे लिहितो. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये ॲप्लिकेशन टॅबखाली हे तपासायची सोय आहे, तिथे करून बघितलं, पिशवी रिकामी येते. शिवाय दर ऑर्डरला ब्राउझरमध्येच एक खूणक्रमांक बनतो, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर पैसे घ्यायला पाठवतच नाही. हे खरं तर पहिल्या दिवसापासून हवं होतं.

काकूंनी बाईंना दुसऱ्या ऑर्डरचे पैसे परत करायची तयारी दाखवली. त्या म्हणाल्या, "राहू द्या, पाठवा दोन्ही. भाऊबीजेला लागतील."